ताईच्या डब्यातली मिरी

९ नोव्हेंबर

ठोंब्या,

आशीर्वाद. मोठे आहेत, पण आज रागावलेले आहेत, तेव्हा जपून घे.

तुझं पत्र काल आलं आणि माझं डोकंच फिरलं. चोवीस वर्षं तू त्या यार्डातली क्रेन चालवतोस. अडुसष्ट पायऱ्यांची शिडी रोज चढतोस, दिवसभर त्या काचेच्या खोक्यात बसून लोखंडी तुळया उचलतोस आणि सांगतील तिथे अलगद टेकवतोस. आणि कोण कुठला तो तपासणीचा डॉक्टर, दंडाला पट्टा बांधतो, दोनदा फुस्स फुस्स करतो आणि म्हणतो, रक्तदाब जास्त आहे, तीन आठवड्यांत उतरला नाही तर केबिनमध्ये बसू देणार नाही! त्याला म्हणावं, आधी तू चढून दाखव ती शिडी, मग बघू कुणाचा दाब किती भरतो ते.

केबिन गेली तर तू काय करशील ते मला माहीत आहे. गोदामात खुर्चीवर बसून पावत्यांवर शिक्के मारशील आणि सहा महिन्यांत म्हातारा होशील. तसं मी होऊ देणार नाही.

गोळी दिली आहे ती घे. नको म्हणत नाही मी. पण एका इवल्याशा गोळीच्या भरवशावर बसायचं नाही. सोबत डबा पाठवते आहे. हळद, सुंठ, दालचिनी आणि मिरी. गरम दुधात दोन मोठे चमचे, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मिरी लागेल जिभेला, लागू दे. मिरीशिवाय हळद अंगाला लागत नाही, हे आमच्या मसाल्याच्या कारखान्यात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक आहे. बत्तीस वर्षं मिश्रण विभाग सांभाळते आहे मी. मला कुणी शिकवू नये.

फोन करू नकोस. चक्क्यांच्या घरघरीने माझे कान खाल्ले आहेत, मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. पत्रच लिही, आणि अक्षर माणसाचं काढ.

ताई

३० नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. पास!

काल तपासणी झाली. डॉक्टरने पट्टा बांधला, आकडा बघितला, पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. त्याचा स्वतःवर विश्वास बसेना. वरचा आकडा एकशे अठ्ठावीस. मागच्या खेपेला एकशे चौसष्ट होता, आठवतं ना? म्हणाला, "गोळी चांगलीच लागू पडली." मी मान डोलावली. मनात म्हटलं, गोळी कसली लागू पडते, ताईचा डबा लागू पडला.

त्याने एक नेहमीचा प्रश्न विचारला, की गोळीखेरीज आणखी काही घेता का. मी म्हटलं, काही नाही. खोटं थोडंच आहे? दूध काय कुणी औषध म्हणून मोजतं? आणि सांगितलं असतं तर त्याने नाक मुरडलं असतं, आणखी चार तपासण्या लावल्या असत्या. केबिन हातातून जायची उगाच.

सुतळीला सांगितलं तर तो हसला. सुतळी म्हणजे आमचा खूणवाला, खाली उभा राहून मला हाताने खुणा देतो ना, तो. अकरा वर्षं त्याच्या हातावर माझी क्रेन चालते. हाडांचा सापळा आहे नुसता, म्हणून सुतळी. म्हणाला, "तुमच्या ताईला सांगा, माझ्यासाठीही एक डबा पाठवा, मला वजन वाढवायचं आहे."

डबा संपत आला आहे. मी थर्मासमध्ये भरून वरही नेतो. दुपारचा एक कप वाढवला आहे. चालेल ना?

तुझा,
ठोंब्या (हे नाव आता सोडलंस तरी चालेल, चोपन्न वर्षांचा झालो)

८ डिसेंबर

ठोंब्या,

नाव मेल्यावर सोडीन.

एकशे अठ्ठावीस वाचलं आणि पत्र घेऊन सगळ्या विभागात फिरले. पाखडणाऱ्या बायकांना वाचून दाखवलं, गोणी शिवणाऱ्याला दाखवलं, मुकादमाला तर दोनदा दाखवलं, कारण त्याला माझं कौतुक ऐकायला आवडत नाही. त्या डॉक्टरला म्हणावं, तुझी गोळी तुझ्यापाशी ठेव! म्हणजे घे गोळी, पण म्हणावं तसं.

दुपारचा कप घे की, विचारतोस काय. नवा डबा पाठवते आहे, मोठा. थंडीचे दिवस आहेत, म्हणून या खेपेला हात जरा सढळ ठेवला आहे. घसा भाजला तर समज की काम होतं आहे.

सुतळीसाठी वेगळी पुडी आहे. त्याला म्हणावं, वजन मसाल्याने वाढत नाही, जेव.

ताई

१४ जानेवारी

ताई,

पत्राला उशीर झाला. यार्डात एक लहानसा प्रकार झाला, त्यात दिवस गेले.

बुधवारी तुळई उतरवताना जरा झुलली आणि सुतळीच्या उजव्या खांद्याला लागली. हाड मोडलं आहे. जिवावरचं काही नाही. पण लगेच चौकशी लावली, जणू आम्ही कुणाचा खून केला. तीन साहेब टेबलापलीकडे, मी अलीकडे. चोवीस वर्षांत माझ्या क्रेनने कुणाला ओरखडा काढला नाही, हे एकालाही आठवेना. मी लिहून दिलं, थांबायची खूण उशिरा मिळाली. सुतळीला बहुतेक कामावरून कमी करतील. वाईट वाटतं, पण नियम नियमच असतो.

दुसरं म्हणजे, तुला सांगायचं नव्हतं, पण हल्ली उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. शिडीच्या मध्यावर हात सुटेल असं दोनदा वाटलं. संध्याकाळी घोटे सुजतात, बुटांच्या नाड्या सोडाव्या लागतात. या गोळ्याच भोवत आहेत. दुकानातली बाई दर महिन्याला हसून पाकीट हातात ठेवते, तिचं काय जातं? रिकामं पाकीट सोबत घातलं आहे, तूच वाच काय काय छापलंय ते. मी मात्र तुझं दूध तीनाचं चार वेळा केलं आहे, ताकद यावी म्हणून.

तुझा,
ठोंब्या

१९ जानेवारी

औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाईंस,

तुम्ही मला ओळखत नाही, आणि हे पत्र वाचून ओळख वाढवावीशी वाटणार नाही.

तुमच्या दुकानाचा पत्ता तुमच्याच पाकिटावर मिळाला. त्यातल्या गोळ्या माझा धाकटा भाऊ घेतो, रक्तदाबाच्या. तो क्रेन चालवतो. तुमच्या गोळ्यांनी त्याला घेरी येते, पाय सुजतात, शिडीवर हात सुटायची वेळ येते. तो वरून पडला तर तुम्ही काय करणार? दुसऱ्या गिऱ्हाइकाला हसून पाकीट देणार? इतकी वर्षं मी कारखान्यात मसाल्याचं मिश्रण करते. माझ्या मिश्रणाने कुणाच्या पोटात नुसतं दुखलं असतं तरी मुकादमाने मला दारात उभं केलं असतं. तुम्हाला कुणी विचारणारं आहे की नाही?

आणि ऐका, त्याचा दाब तुमच्या गोळ्यांनी उतरलेला नाही. माझ्या हळदीने उतरला. तीन आठवड्यांत. हळद, सुंठ, दालचिनी आणि भरपूर मिरी, दोन मोठे चमचे, दिवसातून चार वेळा. माणूस ठणठणीत झाला होता. परवा तर त्या आंधळ्या खूणवाल्याने घोळ घातला, तरी माझ्या भावाने एवढी मोठी तुळई आवरली, नाहीतर चार माणसं गेली असती. अशा माणसाला तुम्ही गोळ्या घालून लोळवता!

मी त्याला आता सांगणार आहे की गोळ्या उकिरड्यावर फेक. त्याआधी तुम्हाला काही म्हणायचं असेल तर लिहा. फोन करू नका, मला ऐकू येत नाही.

क्रेनवाल्याची बहीण

२४ जानेवारी

क्रेनवाल्याच्या ताईंना,

नमस्कार. गोळ्या फेकायला सांगू नका. हे पत्रातलं पहिलं वाक्य आहे, कारण पुढचं तुम्ही रागाने वाचायच्या आधी एवढं तरी वाचाल. रक्तदाबाची गोळी मनाने बंद केली तर दाब पुन्हा उसळी घेऊ शकतो आणि ते चक्करेपेक्षा वाईट.

आता माझा राग. तो मलाही येतो. पंधरा वर्षं मी या काउंटरमागे उभी आहे आणि प्रत्येक माणसाला विचारते, आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, मुळी, घरचं काही? माणसं माझ्याकडे असं बघतात की जणू मी त्यांच्या ट्रंकेत हात घातला. म्हणतात, नाही. मग महिन्याने कुणीतरी भिंत धरून दुकानात येतं, आणि तेव्हा कळतं की घरी रोज काहीतरी उकळत होतं. तुमच्या भावाने मला काय सांगितलं ते मी तुम्हाला लिहिणार नाही, ते त्याचं आहे. त्यालाच विचारा.

तुम्हाला मात्र सांगते, कारण कृती तुम्हीच लिहिली आहे. भाजीतली चिमूटभर हळद-मिरी वेगळी. दिवसाला आठ मोठे चमचे वेगळे. तुम्ही बरोबर म्हणता, मिरीमुळे हळद अंगात जास्त उतरते. पण मिरी निवड करत नाही. ती काही गोळ्यांनाही तशीच जास्त उतरवू शकते. माणूस एक गोळी घेतो आणि अंगाला जास्तीची लागते. त्यात हळदही दाब थोडा खाली आणू शकते. मग दाब खाली, आणखी खाली, उठलं की अंधारी, पायाला सूज. तुमच्या भावाचं नेमकं हेच आहे असं मी दुकानात बसून सांगणार नाही. ते डॉक्टरने पट्टा बांधून सांगायचं. पण तुमचं पत्र वाचून मला दुसरं काही सुचत नाही, आणि तो माणूस आजही शिडी चढत असेल.

आजच त्याला लिहा. तो दुकानात आला तर मी सोडणार नाही, पण तो महिन्याच्या शेवटीच येतो.

तुम्ही मिश्रण करता ना? मग हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजायला हवं होतं.

औषधवाली

२७ जानेवारी

ठोंब्या,

डबा बंद. आत्ता. हे पत्र हातात आहे तोवर उठ आणि तो डबा गटारात उपडा कर. मग डॉक्टरकडे जा, आजच, रजा टाकून, आणि त्याला सगळं सांग. किती चमचे, किती वेळा, कधीपासून. गोळी आपल्या अकलेने बंद करायची नाही आणि चालूही ठेवायची नाही, तो सांगेल तसं करायचं. तोवर शिडीला हात लावायचा नाही.

तुझ्या औषधवालीला मी झणझणीत पत्र लिहिलं होतं. तिने उत्तर दिलं. इतकी वर्षं मला कुणी असं बोललेलं नाही आणि एकही शब्द खोडता येत नाही. मिरीमुळे तुझी गोळी जास्त लागत असणार. मिरीमुळे! जी मी छाती फुगवून घातली.

आता माझं ऐक. डिसेंबरच्या डब्यात मी मिरी दुप्पट घातली होती. तुला लिहिलं, हात सढळ ठेवला. दुप्पट असं लिहिलं नाही. का लिहिलं नाही? कारण कौतुकाने माझ्या डोक्यात हवा गेली होती. कारखान्यात मी गोणीत मूठभर सुंठ जास्त टाकली तरी चिठ्ठी लावते: काय, किती, कुणी, कधी. चिठ्ठीशिवाय गोणी हलली तर मी आभाळ डोक्यावर घेते, विचार कुणालाही. आणि माझ्या सख्ख्या भावाच्या डब्यावर साधा कागद चिकटवला नाही, कारण घरचं आहे, त्यात काय! मला माझीच इतकी चीड आली आहे की काल मुकादम काहीतरी बोलला आणि मी गप्प बसले. त्याला वाटलं मला ताप आला.

हे झालं माझं. आता तुझं.

तुझं चौदा तारखेचं पत्र मी चार वेळा वाचलं. तू लिहिलं आहेस, तुळई झुलली. ठोंब्या, तुळई आपणहून झुलत नाही. मी त्या औषधवालीला सुतळीबद्दल आंधळा असं लिहून बसले. ज्या माणसाच्या हातावर तुझी क्रेन अकरा वर्षं चालली, त्याने एकाच बुधवारी उशीर कसा केला? अंधारी कधी आली होती, त्या बुधवारच्या आधी की नंतर?

मला सरळ उत्तर पाहिजे.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

सरळ उत्तर पाहिजे ना? घे.

डॉक्टरकडे गेलो. वरचा आकडा ब्याण्णव. तो किती बोलला ते लिहीत नाही, तुझी आठवण आली एवढं सांगतो. दूध बंद केलं, गोळीही त्याने बदलून कमी केली. दोन आठवडे खाली बसवलं आहे, "अशक्तपणा" असं लिहून. दोन आठवड्यांनी आकडा बरोबर आला की केबिन परत. आता अंधारी येत नाही. झालं तुझं समाधान?

आणि त्या बुधवारी, हो, आली होती. वाकून खाली बघत होतो आणि मान वर केली तशी सगळी काच काळी झाली. सुतळीने हात वर केला होता, तो मला दिसला होता. वेळेवर. मूठ आवळलेली, थांब म्हणून. दिसला आणि माझा हात दांड्यावरून हललाच नाही. एवढंच. दोन श्वासांचा खेळ.

मग त्या तीन साहेबांसमोर मी काय सांगायला हवं होतं? की मला वर बसून चक्कर येते? चोवीस वर्षं पुसून टाकली असती त्यांनी एका ओळीत. आणि डबा कुणाचा होता गं? मी मागितला होता का? मी मुकाट्याने गोळी घेत होतो. तू पाठवलास, तू मिरी दुप्पट केलीस, आणि आता तूच मला सरळ उत्तर मागतेस! आयुष्यभर तुझं ऐकत आलो त्याची ही बक्षिसी.

सुतळीला एक तारखेपासून कमी केलं. त्याला दुसरीकडे मिळेल काम. मला नाही मिळणार केबिन दुसरीकडे, या वयात. लिहून दिलं ते दिलं. आता हा विषय नको.

ठोंब्या

६ फेब्रुवारी

ठोंब्या,

विषय नको म्हणतोस. खांदा मोडला तो त्याचा, काम गेलं ते त्याचं, आणि विषय नको तुला?

डबा माझा होता. मिरी माझी होती. ते मी तुझ्याआधी कबूल केलं आहे आणि पुन्हा करते, शंभर वेळा करीन. त्यासाठी तू मला जन्मभर शिव्या घाल, मी एका अक्षराने उलटून बोलणार नाही. पण त्या टेबलाशी मी नव्हते. तिथे दूध नव्हतं, हळद नव्हती, मिरी नव्हती. तिथे तू होतास, डोकं ताळ्यावर होतं, डोळ्यांपुढे अंधारी नव्हती, आणि तू हातात पेन घेऊन लिहिलंस, खूण उशिरा मिळाली. ते मिरीने लिहिलेलं नाही.

तुला काय वाटतं, मला तुझी केबिन नको आहे? मीच तर त्या केबिनसाठी हा सगळा उपद्व्याप केला. तू लहान असताना पाण्याच्या टाकीवर चढून बसायचास आणि मी खाली उभी राहून ओरडायचे. वर बसलेला तू किती सुखी असतोस ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हणूनच माझा संताप होतो आहे. सुतळीच्या मोडक्या खांद्यावर पाय ठेवून तुला ती शिडी चढायची आहे! चढशील आणि वरून खाली बघशील, तेव्हा तिथे दुसराच कुणीतरी उभा असेल हात वर करून. त्याच्या हाताकडे बघवेल तुला?

आणि सुतळीला काम मिळेल म्हणतोस. "उशिरा खूण देऊन माणूस जखमी केला" असं ज्याच्या नावावर लिहिलं आहे, त्याला कोण उभं करेल कुठल्या क्रेनखाली? स्वतःच जखमी झालेला माणूस आणि शिक्काही त्याच्यावरच.

मी काय केलं ते ऐक. दोन्ही डब्यांत काय काय होतं, किती होतं, कोणत्या तारखेला पाठवलं, ते सगळं वजनासकट लिहून काढलं आहे. खाली माझी सही आहे. तुझ्या चौकशीच्या साहेबांच्या नावाने पाकीट तयार आहे. त्यात तुझं दोन तारखेचं पत्र घातलेलं नाही, आणि घालणारही नाही. ते तू मला लिहिलंस. माझ्या कागदाने एवढंच कळेल की क्रेनवाल्याला चक्कर येण्यासारखं काही पोटात होतं. बाकीचं तुझ्या तोंडून यायला पाहिजे.

सोमवारी पाकीट टाकणार. त्याआधी तू गेलास तर बरं. नाही गेलास तरी मी टाकणार. मला धमकी द्यायची सवय नाही, मी आपलं कळवते आहे.

आणि साहेबांकडे जाशील तेव्हा आधी सुतळीच्या घरी जा.

ताई

१६ फेब्रुवारी

ताई,

गेलो.

आधी साहेबांकडे गेलो, तू म्हणालीस त्याच्या उलट. सुतळीच्या दारात रिकाम्या तोंडाने जायची हिंमत नव्हती. साहेबांना सगळं सांगितलं: गोळी, दूध, डॉक्टरला "काही नाही" म्हणालो ते, अंधारी, वेळेवर वर गेलेला हात. लिहूनही दिलं. मोठे साहेब कागद वाचून म्हणाले, "हे त्याच दिवशी का नाही सांगितलं?" तुझं पाकीट दुसऱ्या दिवशी पोचलं म्हणे. साहेब म्हणाले, इतका नेटका जबाब त्यांनी यार्डात कधी पाहिला नाही, वजनं सुद्धा दशांशात.

केबिन गेली. कायमची. डॉक्टर काय म्हणतो ते आता विचारणारही नाहीत. चक्कर येते म्हणून नाही गेली, खोटं लिहून दिलं म्हणून गेली. आजपासून गोदामात. सुतळीवरचा शिक्का काढला, पगारासकट परत घेतलं आहे, खांदा भरला की रुजू. तू म्हणाली होतीस ते शिक्के आता मारतो आहे, पावत्यांवर.

मग त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. मला बघून ती बाजूला झाली नाही. म्हणाली, "ते मागे आहेत. जा, बघा काय करतात ते." मागच्या मोकळ्या जागेत सुतळी उभा होता. उजवा हात गळ्यात बांधलेला. भिंतीवर घड्याळ टांगलेलं, मोठ्या सेकंदकाट्याचं. तो डावा हात खाली सोडायचा, मग एकदम मूठ आवळून वर न्यायचा, आणि घड्याळाकडे बघायचा. पुन्हा खाली. पुन्हा वर. पुन्हा घड्याळ. मी आलेलं त्याला कळलं नाही. मी पाच-सहा वेळा तो हात वर जाताना पाहिला. अकरा वर्षं पाहिला तसाच, ताई, लख्ख, वेळेवर.

मी हाक मारली आणि सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्याच. मला वाटलं होतं, तो अंगावर येईल. यायला हवा होता. मी तयारीने गेलो होतो. तो घड्याळाखालच्या पायरीवर बसला. एका महिन्यात तो आणखी वाळला आहे. मग म्हणाला, "रोज करून बघतो मी. रोज वेळेवर येतो हात. तरी वाटायचं, त्या दिवशी नसेल आला. तुम्ही लिहून दिलं होतंत ना, म्हणजे मीच चुकलो असणार. तुम्ही कशाला खोटं बोलाल?"

ठोंब्या